कुंभार्ली घाटातल्या त्या सगळ्यांना थँक्यू

नावं विचारायची राहिली म्हणून इथेच आभार मानतोय. चिपळूणहून कराडला जाताना आमची म्हातारी ओम्नी चढावर तापली, काटा पार लालमध्ये, आणि इंजिन सीटखालीच असल्यामुळे बुडाला चटके बसायला लागले तशी बाजूला घेतली. मागून आलेले टेम्पोवाले दादा आधी ओरडले ते बाबांवर, रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येईल! इंजिन निवेपर्यंत थांबायला लावलं, मग ओलं फडकं धरून हळूच झाकण सैल केलं. होसची, म्हणजे पाण्याच्या रबरी नळीची, क्लिप ढिली होती ती स्क्रू ड्रायव्हरने आवळली, पण पाणी भरून स्टार्ट केल्यावर काटा चढला तरी फॅन काही फिरेना. तेव्हा बाइकवरचा एक पोरगा वाकला, थर्मोस्विचचा (पाणी तापलं की फॅन चालू करणारा स्विच) कनेक्टर काढून दोन्ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडली आणि फॅन भर्रकन चालू! म्हणजे फॅन चांगला होता, स्विच गेलेला. कराडला नवीन टाकला, स्वस्तात काम झालं. दादा, त्या मुला, मनापासून थँक्यू. आणि चहावाल्या काकू, कॅनभर पाणी दिलंत, वर चहाचेही पैसे घेतले नाहीत, पुढच्या खेपेला घ्यावेच लागतील हां.