रॉड घेण्याआधी एवढं वाच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ख्यालीखुशालीच्या चार ओळी आणि मग दीड पान नुसतं मासे पकडायच्या त्या अकरा फुटी रॉडचं कौतुक! वाचताना हसू आलं, कारण हीच चूक मी पदरचे पैसे मोजून करून बसलोय. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बस.

माझा पहिला रॉड अकरा फुटीच होता. त्यावर छापलं होतं ४० ते १०० ग्रॅम, म्हणजे एवढ्या वजनाचा लुअर (माशाला फसवायचं नकली आमिष) फेकायला तो बनवलेला. आणि माझ्या डब्यात लुअर कसले, तर १८-२० ग्रॅमचे मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचे, आणि एकुलता एक ३० ग्रॅमचा मेटल जिग, म्हणजे धातूचा लुअर. पहिल्या दिवशी जोर लावून फेकले, तर लुअर समोर कुठेतरी टपकन पडायचा. फेकताना लुअरच्या वजनाने रॉड मागे वाकतो आणि सरळ होताना लुअरला भिरकावतो, सगळी गंमत त्या वाकण्यात असते. माझा रॉड २० ग्रॅमला दादच देत नव्हता. शेजारी एकजण नऊ फुटी रॉडने आरामात माझ्यापुढे टाकत होता. तासाभरात माझा खांदा भरून आला. आमिष लावून बसायचं असेल तर रॉड स्टँडला टेकवता येतो. लुअरच्या खेळात तो सगळा वेळ हातात असतो, आणि एका सकाळी दोनशे वेळा फेकणं म्हणजे काही विशेष नाही.

तेव्हा लांबी नंतर बघ, आधी तुझा लुअरचा डबा उघड. तू लिहिलंयस त्यावरून तुझे बहुतेक लुअर २० ते ४० ग्रॅममधले दिसतात. मग १५ ते ५० ग्रॅमचा रॉड घे. एक गोष्ट ध्यानात ठेव: छापलेल्या वरच्या आकड्याच्या साधारण दोन तृतीयांश वजनाला रॉड सगळ्यात छान चालतो, म्हणजे तुझ्यासाठी ३०-३५ ग्रॅम. पन्नासचा जिग टाकायचाच झाला तर हळू, झोका दिल्यासारखा. काही रॉडवर वजन औंसात असतं. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम.

आता लांबी. वाळूच्या किनाऱ्यावर लांब रॉडचा खरा फायदा असा की फुटणाऱ्या लाटांच्या वरून दोरी उचलून धरता येते, नाहीतर प्रत्येक लाट दोरी ओढून नेते आणि लुअर भलतीकडेच पोहतो. त्यासाठी साडेनऊ-दहा फूट पुरे. अंतराचा हव्यास सोड. वाळूत लाटेने खणलेली खोलगट पट्टी पुष्कळदा पाण्याच्या कडेपासून वीस-तीस मीटरवरच असते, आणि मासा तिथेच भक्ष्य शोधत फिरतो. मी कितीतरी दिवस त्याच्या डोक्यावरून लुअर पलीकडे फेकत होतो.

खडकांवर हिशेब वेगळा. मागे कातळाची भिंत, पायाखाली उतार, पूर्ण झोका घ्यायला जागा नसते. पण फार आखूड रॉडही चालत नाही. मासा खाली कपारीकडे घुसला की दोरी कातळाच्या धारेला घासते, आणि तेव्हा टोक धारेच्या पुढे काढून धरता आलं पाहिजे. शिवाय रॉड म्हणजे तरफ, आणि ती उलटी चालते: मासा टोकाला ओढतो, तुझे हात मुठीशी. जितका लांब रॉड, तितका मासा जड. दोन्हीकडे एकच रॉड वापरायचा असेल तर माझं मत साडेनऊ फूट, म्हणजे २.९ मीटर. दोन रॉड घ्यायची ऐपत आणि घरच्यांची परवानगी असेल, तर गोष्ट निराळी.

ताठपणाबद्दल दुकानदार ‘फास्ट, एक्स्ट्रा फास्ट’ (म्हणजे मुख्यतः टोकाशीच वाकणारा) असं बरंच सांगेल. तू ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली दोरी वापरणार, आणि ती ओढली तरी जवळपास लांबतच नाही. त्यात टोकही काठीसारखं ताठ असेल, तर माशाच्या एका हिसक्यात गळ तोंडातून निसटतो. म्हणून टोक थोडं मऊ आणि मुठीकडचा भाग दमदार असा बघ. खूप हलका, उंची कार्बनचा रॉड हातात घेतला की मोह होतो, पण असे रॉड खडकावरचा ठोका सोसत नाहीत.

रॉड मोडायचा माझाही एक पराक्रम आहे. मासा खडकाच्या पायथ्याशी आला होता, आणि मी उत्साहात रॉड सरळ आभाळाकडे उभा केला. सगळा वाक टोकाच्या करंगळीएवढ्या भागात गोळा झाला आणि कट्! मासाही गेला. चूक शंभर टक्के माझी. शेवटच्या क्षणी रॉड खाली झुकता ठेव, लाट माशाला वर आणेल तेव्हा हातमोजा घालून लीडर (लुअरच्या आधी बांधलेला जाड दोरीचा तुकडा) धर, नाहीतर लांब दांड्याची जाळी वापर.

रॉडवरच्या ज्या कड्यांतून दोरी जाते त्या, म्हणजे गाईड, नीट बघ. एका सकाळी माझे तीन लुअर फेकतानाच तुटून गेले. दर वेळी मी गाठीला शिव्या दिल्या, नवी गाठ मारली, परत तेच. घरी येऊन कापसाचा बोळा एकेका कडीतून फिरवला. टोकाच्या कडीत कापसाचे दोन तंतू अडकले. डोळ्याला न दिसणारी कपची, आणि ती दोरी कापत होती. दुकानात हीच परीक्षा नव्या रॉडचीही कर. फ्रेम खाऱ्या पाण्यात न गंजणारी हवी, तरी घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणं चुकत नाही.

तुझं रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, सोबत घेऊन जा. बसवून, दोन्ही तुकडे जोडून, पाच-दहा मिनिटं हातात धर. टोकाकडे झुकत असेल तर नको. रील धरलेल्या हातापासून मुठीचं शेपूट काखेत बसेल एवढंच असावं, जास्त लांब असलं की फेकताना जाकिटात अडकतं. जोड घट्ट आहे ना, हे पाण्यावरही दर पंचवीस-तीस फेकींनी तपास. तो नकळत ढिला होतो.

आणि हो, कार्बनमधून वीज वाहते. ढग गडगडले की रॉड गुंडाळ. खडकावर उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं नुसत्या लाटा बघ, मोठी लाट कुठवर येते ते कळतं. तुझी घाई मला माहीत आहे म्हणून लिहितोय.

जो रॉड पसंत पडेल त्याच्यावर मुठीच्या वर जे काही छापलंय ते जसंच्या तसं लिहून पाठव, मग पैसे दे. आणि अकरा फुटीची हौस फिटतच नसेल, तर माझा जिन्याखाली धूळ खात पडलाय. पुढच्या खेपेला घेऊन जा. जड शिसं आणि आमिष लावून बसायला तो उत्तम आहे.

तुझाच,
जिन्याखालच्या रॉडचा मालक