मागच्या सीटपासून निवड

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. लांबच्या प्रवासासाठीच्या सहा मोटरसायकली, हॉर्सपॉवरच्या उतरत्या क्रमाने. वर बीएमडब्ल्यूची एफ ९०० एक्सआर, १०५ घोड्यांची. तळाला कावासाकीची निंजा ६५०, ६८ घोड्यांची. मध्ये होंडा सीबीआर ६५० आर, सुझुकी जीएसएक्स-८आर, ट्रायम्फ टायगर स्पोर्ट ६६० आणि यामाहा ट्रेसर ७ जीटी. यादी चांगली आहे, क्रम मला पटला नाही. यातली कुठलीही गाडी ताशी शंभरने दिवसभर पळेल आणि ट्रक ओलांडायला हाताशी जोर उरेल. म्हणजे ज्या रकान्यावर तू सगळ्यात जास्त मेहनत घेतलीस, त्याने निवड होणारच नाही. निवड ठरते पाचव्या-सहाव्या तासाला, आणि ती ठरवतात मनगटं, बूड, मान. शिवाय तुझी आई या वेळी मागे बसणार म्हणते आहे. ते मनावर घे, कारण तिने घेतलं आहे.

इंजिनाचं आधी उरकतो. आकडा किती, यापेक्षा तो किती आरपीएमवर, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो ते बघ. सीबीआरची चार सिलिंडरची मोटर आपली पूर्ण ताकद १२,००० आरपीएमला देते. त्या आवाजावर तू भाळली आहेस, त्यात नवल नाही. पण दोन माणसं आणि सामान घेऊन चढावर वळण आलं, की त्या ताकदीपर्यंत पोचायला दोन गिअर खाली जावं लागतं. ट्रेसरची ६८९ सीसी दोन सिलिंडरची मोटर घोड्यांत मागे आहे, पण तिचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, साडेसहा हजारालाच शिखरावर असतो. थ्रॉटल (उजव्या हाताची मूठ) उघडलं की गाडी निघते, पायाला काम नाही. तिची क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) २७० अंशांची, म्हणून स्फोटांमधलं अंतर विषम पडतं आणि तिची धडधड व्ही-ट्विनसारखी, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या मोटरीसारखी, येते. जीएसएक्स-८आर त्याच जातीची, फक्त ७७६ सीसी. निंजाची क्रँक १८० अंशांची; तिची कुरकुर वेगळी, हातांना जाणवणारी थरथरही वेगळी. टायगरची तीन सिलिंडरची मोटर या दोन्हींच्या मध्ये बसते: कमी आरपीएमला दोन सिलिंडरसारखी आज्ञाधारक, जास्त आरपीएमला चार सिलिंडरसारखी गाणारी. मला विचारशील तर या वर्गातली सगळ्यात गुणी मोटर तीच.

सीबीआरला २०२४ पासून ई-क्लच मिळतो. गिअर पायानेच टाकायचा, पण निघताना, थांबताना, बदलताना क्लच आपोआप काम करतो; लिव्हर जागेवर असतोच, हवा तेव्हा हाताने दाब. रेंगाळणाऱ्या गर्दीत डाव्या हाताला याचा मोठा आराम आहे. सीबीआरच्या बाजूने माझ्याकडून हे एक मत.

आता हँडल. सीबीआर आणि ८आर यांची हँडल खाली, पुढे. वेगात हे सोसतं, कारण समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटांवरचा भार कमी होतो. वेग उतरला की तो वाऱ्याचा आधार जातो आणि सगळं वजन तळहातांवर येतं. म्हणून अशा गाड्या मोकळ्या रस्त्यापेक्षा गावातून बाहेर पडतानाच जास्त दमवतात. ट्रेसर, टायगर आणि एक्सआरवर पाठ सरळ राहते, पण त्याचा दंडही आहे: सगळा भार माकडहाडावर. त्यासाठी अधूनमधून पेगवर (पाय ठेवायच्या खुंटीवर) उभं राहता यायला हवं, तेव्हा शोरूममध्ये ते करून बघ. लोक काय म्हणतील याची चिंता नको.

एक आडवी गोष्ट सांगतो. तुझ्या यादीतल्या निम्म्या गाड्या उंच, चोचीच्या, कच्च्या रस्त्याच्या ॲडव्हेंचर गाड्यांसारख्या दिसतात, म्हणून तू त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं आहेस. त्यांची चाकं बघ: पुढे-मागे सतरा इंची, डांबरासाठीचे टायर. कच्च्या रस्त्याचा आव फक्त कपड्यात आहे. होंडाची व्हीएफआर, बीएमडब्ल्यूची चेनऐवजी पट्ट्यावर चालणारी एफ ८०० जीटी या जुन्या घराण्याच्या मधल्या स्पोर्ट टूरर (वेगवान, पण लांब पल्ल्याच्या गाड्या) गेल्या, आणि त्यांची जागा या उभ्या बसणीच्या गाड्यांनी घेतली. मला व्हीएफआरची व्ही-फोर मोटर अजून आठवते, पण पाठीला नवी पिढी मानवते हे खरं.

आता वजनाचं, कारण यावर कुणी बोलत नाही. गाडीसकट कमाल किती वजन चालेल हा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. समजा तो ४०० किलो, आणि पेट्रोल भरलेली गाडी २१० किलो. उरले १९०. तू जॅकेट, बूट, हेल्मेटसकट ६५. आई तशीच ७० (हे वाक्य तिला दाखवू नकोस). राहिले ५५. त्यातून बॉक्स आणि त्यांचे स्टँड १५ किलो खातात, म्हणजे सामानाला ४०. पुरे आहे. आता तीच मांडणी ४०० ऐवजी ३६० धरून कर: सामानाला शून्य. स्पोर्टी गाड्यांत हा आकडा अनेकदा तोकडा असतो आणि जाहिरातीत कधीच नसतो. सहाही गाड्यांचा काढ आणि यादीत हॉर्सपॉवरच्या जागी तो लिही.

वजन चालेल म्हटलं तरी मागचं सस्पेन्शन त्यासाठी लावावं लागतं. एकदा टेप घेऊन माप. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर घे. मग तुम्ही दोघी पूर्ण पोशाखात, सामानासकट बसा आणि तिसऱ्या कुणाकडून तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. फरक सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. ती १३० मिलिमीटर असेल तर चाळीस-पंचेचाळीस. याहून जास्त बसली तर गाडीचं बूड खाली, तोंड वर: हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हँडल आळशी होतं, वळणात गाडी बाहेर पळू बघते. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की ती पुन्हा उंचीवर येते. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधी दाबून ठेवली जाते. त्यामुळे अगदी शेवटच्या खाचेवरही गाडी बसतच असेल तर ती स्प्रिंग तुमच्या वजनाची नाही, एवढंच समजायचं.

इथे टायगर मला आवडते. तिच्या मागच्या प्रीलोडला हायड्रॉलिक घुंडी आहे, बाजूला हात घालून फिरवायची. सीबीआरला दहा खाचा आहेत आणि हुकाचा पाना लागतो. कागदावर दोन्हींना ‘ॲडजस्टेबल’च लिहिलेलं असेल. पण तू सकाळी एकटी ऑफिसला जाणार, संध्याकाळी आईला घेणार. रोज पाना काढशील? मी तुला ओळखतो, नाही काढणार. शिवाय टायगरवर साइड बॉक्सचे हुक शेपटीतच बसवलेले आहेत, वेगळी पाइपांची चौकट नको. ट्रेसर जीटीला वीस-वीस लिटरच्या बॅगा कंपनीकडूनच येतात. त्या तुम्हा दोघींच्या चार दिवसांच्या कपड्यांना पुरतील, आईच्या चार दिवसांच्या कपड्यांना पुरतील की नाही सांगवत नाही. काहीही घेतलंस तरी जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला भर. टॉप बॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतो. त्यात पाण्याच्या बाटल्या आणि हत्यारं कोंबली की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल हलू शकतं. तिथे रेनकोट.

मागच्या सीटबद्दल आईला विचार, मला नको. पण बघायचं काय ते सांगतो. तिचे गुडघे किती वाकतात? सीबीआरचे मागचे पेग उंच आणि सीट तळहाताएवढी. तासाभरात पाय आखडतात. धरायला दांडी आहे का? नसेल तर प्रत्येक ब्रेकला तिचं हेल्मेट तुझ्या हेल्मेटवर टक्कन आपटेल. पहिल्या दहा वेळा हसाल, मग बोलणं बंद होईल. टायगर, ट्रेसर, एक्सआर तिघींना व्यवस्थित पकड आहे.

वारा. मोठी काच म्हणजे शांतता, हा समज सोड. काचेच्या कडेवरून सुटलेली हवा भोवरे घेत जाते, आणि हेल्मेट नेमकं त्या भोवऱ्यांत आलं तर डोकं डुगडुगतं, कान बधिर होतात. आखूड काचेवर छातीला वारा लागतो पण डोकं स्वच्छ हवेत राहतं, आणि ते कितीतरी कमी थकवतं. ओळखायचं असं: मोकळ्या रस्त्यावर सीटवरून वीतभर उठ. गोंगाट एकदम कमी झाला तर काच तुझ्या उंचीला चुकीची आहे. टायगरची काच एका हाताने वर-खाली होते, म्हणजे प्रयोग करायला वाव आहे. इयरप्लग मात्र कुठलीही गाडी असो, घालायचेच.

टाकीचं गणित तू करशीलच. लिटरला वीस धरलं तर ८आरच्या १४ लिटरवर २८०, टायगरच्या १७ वर ३४०, आणि दोन्हींतून रिझर्व्हचे पन्नासेक वजा. दोघींनी प्रवास करताना अडीच तासांनी थांबावंच लागतं, तेव्हा यावर फार डोकं नको.

चेन सहाही गाड्यांना आहे. हजार किलोमीटरच्या आत, पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी, तेल लागतं. म्हणून डबल स्टँड मिळतो का हे आधी विचार. साइड स्टँडवर तिरक्या गाडीची चेन ढकलत-ढकलत ओली करणं हा प्रवासाच्या शेवटी नको असलेला व्यायाम आहे. व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (इंजिनातल्या झडपांची मोकळी फट) तपासणं यामाहाच्या या मोटरीत ४०,००० किलोमीटरला येतं. सीबीआरला ते लवकर येतं, आणि सोळा व्हॉल्व्ह विरुद्ध आठ हा मजुरीतला फरक आहे.

उंचीवर तू अडली आहेस हे मला कळतं. निंजाची सीट ७९० मिलिमीटर, टायगरची ८३५. पण नुसत्या आकड्याने पाय टेकत नाही. सीटचा पुढचा भाग अरुंद असेल तर उंच गाडीवरही टाच जवळ येते. दोन्ही पाय सपाट टेकायची गरज नाही, एक पाय घट्ट आणि दुसरा चवड्यावर हे चालतं. तरी कमी पडलं तर कंपनीची पातळ सीट घे, जाड तळव्याचे बूट घे. लिंक (मागच्या सस्पेन्शनचा जोड) बदलून गाडी खाली करून देणारा कुणी भेटला तर नम्रपणे नाही म्हण. त्याने जमिनीपासूनची उंची कमी होते, साइड स्टँड लांब ठरून गाडी उभीच राहते आणि धक्क्याने दुसऱ्या बाजूला पडते. निंजाबद्दल एक मात्र सांगतो: तिचा मागचा टायर १६० मिलिमीटर रुंद आहे, बाकीच्यांचा १८० चा, आणि वळणावळणांच्या रस्त्यावर ती किती सहज आडवी होते ते एकदा अनुभव. एकटी फिरणार असतीस तर मी तुला तीच घे म्हटलं असतं, आणि उरलेल्या पैशांत उत्तम जॅकेट.

तर माझा क्रम: टायगर, ट्रेसर जीटी, मग एक्सआर. एक्सआर सगळ्यात सक्षम आहे, पण ती सहातली सगळ्यात जड आहे, आणि वजन रस्त्यावर नाही, पार्किंगमध्ये कळतं. सीबीआर हवीच असेल तर घे, मी रुसणार नाही, पण मग आईला स्वतः सांग.

टेस्ट राइडला पंधरा मिनिटांवर मान्य होऊ नकोस, तासभर माग. स्वतःचं हेल्मेट, स्वतःचे बूट. निघण्यापूर्वी टायरची हवा तपासायला लाव. डेमो गाड्यांत ती बहुधा कमी असते आणि चांगली गाडीही मग जड वाटते. पूर्ण हँडल वळवून चालीच्या वेगाने यू-टर्न घे. इंजिन बंद करून गाडी हाताने उलटी, थोड्या चढावर ढकल. वळणात मध्येच थ्रॉटल सोडून पुन्हा उघड आणि झटका बसतो का बघ. मागे बसणाऱ्याला तोच सगळ्यात आधी कळतो. शेवटची वीस मिनिटं आईला मागे बसव आणि त्या वेळात तिला काही विचारू नकोस. उतरल्यावर ती आपणहून काय बोलते ते मला त्याच दिवशी कळव, तिच्याच शब्दांत.

तुझा,
बाबा