भट्ट्या राखायच्या तर कालव्यात पाणी हवे : ब्रिटनच्या पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यावरणमंत्री,
युनायटेड किंग्डम सरकार, लंडन

स.न.वि.वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहे. मराठीत जाहीर करतोय, कारण मँचेस्टर परिसरातली मराठी कुटुंबेही पीक फॉरेस्ट कालव्याकाठी फिरायला जातात, आणि गडावरची चुन्याची घाणी पाहिलेला माणूस याच कालव्यावरच्या मार्पल गावच्या चुनाभट्ट्यांपुढे थांबतोच.

सॅम्युएल ओल्डनो या सूतगिरणीवाल्याने 1797 मध्ये त्या बांधल्या आणि धुराच्या धंद्याला चक्क गॉथिक कमानींचा दर्शनी भाग चढवला. हौसेला मोल नाही! भट्ट्यांची जागा मात्र हौसेने ठरलेली नव्हती. डव्ह होल्सच्या खाणीतली चुनखडी वाघिणींत भरत. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच वजनाने बग्सवर्थच्या धक्क्यापर्यंत सुमारे 6 मैल येत, रिकाम्या घोडे वर ओढून नेत. धक्क्यावर दगड होडीत पडे आणि कालव्याने मार्पलच्या भट्ट्यांपर्यंत येई. रस्त्यावर दोन टनांना टेकीला येणारा घोडा पाण्यावर 20-25 टन सहज ओढी. भट्टीचा कोळसाही कालव्यानेच यायचा. भाजलेला कळीचा चुना होडीतून नेणे जोखमीचे, कारण पाणी लागले की तो तापतो, फुगतो, लाकूड पेटवूही शकतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी दगडच पाण्याने आणून गिऱ्हाइकाजवळ, काठावर भाजत. शेताला आणि बांधकामाला चुना तिथूनच जाई.

भट्टी, धक्का आणि कालवा असे एकाच धंद्याचे भाग. सरकारदरबारी मात्र त्यांची वाटणी झाली आहे. जुन्या वास्तूंची यादी सांस्कृतिक खात्याकडे, कालव्याचे अनुदान आपल्याकडे. कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेला 2027 पासून 10 वर्षांत 40 कोटी पौंडांहून थोडे अधिक मिळणार, तेही दरवर्षी घटत. दगडी भिंत यादीत सुरक्षित आणि समोरचा कालवा कोरडा, असे होऊ शकते. मग बांधबंदिस्तीचा खर्च कुणी करायचा?

1 ऑगस्ट 2019 रोजी व्हेली ब्रिज गावाजवळच्या टॉडब्रुक तलावाच्या धरणाचा सांडवा खचला आणि सुमारे 1500 लोकांना घरे सोडावी लागली. हाच तलाव या कालव्याला पाणी पुरवतो. तो रिकामा करावा लागला, नव्या सांडव्याचे काम वर्षानुवर्षे चालले. ओसाड पडलेला बग्सवर्थचा धक्का 1968 पासून स्वयंसेवकांनी हातांनी उपसला. पाणी सोडल्यावर गळती निघाली, पुन्हा काम, आणि 2005 मध्ये होड्या कायमच्या परतल्या. स्वयंसेवक गाळ काढतील, धरण नाही बांधू शकत.

मागणी अशी : तलाव, बांध आणि सांडवे यांचा खर्च या उतरत्या अनुदानातून बाहेर काढून त्याची स्वतंत्र तरतूद करा. आणि मार्पल ते डव्ह होल्स हा सगळा पट्टा एकच वारसा मानून दोन्ही खात्यांनी त्याची एकत्रित देखभाल योजना करावी. उत्तर लेखी मिळावे.

आपला,
मार्पलचा एक मराठी रहिवासी