एक्स्टेंशन जितकी कमी, तितकी बरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन खासगीपणा जपायचा असेल तर ‘ब्राउझरमध्ये ही दहा एक्स्टेंशन आजच टाका’ असे सल्ले हल्ली सर्रास फिरतात. (एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे पूरक सॉफ्टवेअर.) सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण दहाचा आकडाच चुकीचा आहे. बहुतेकांना एक पुरते, फार तर दोन.

एक्स्टेंशन टाकताना ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे व बदलणे’ या अर्थाची परवानगी मागितली जाते आणि आपण न वाचता होकार देतो. त्यानंतर बँकेच्या पानावरची शिल्लक, ईमेलमधला मजकूर, पासवर्डच्या चौकटीत पडणारी अक्षरे हे सगळे त्या एक्स्टेंशनच्या नजरेच्या टप्प्यात येते. जाहिराती अडवणाऱ्याला पानात शिरावेच लागते, त्याचे समजू शकते. नव्या टॅबवर घड्याळ दाखवणाऱ्याला ही परवानगी कशाला हवी?

खरी गोम मालकी बदलण्यात आहे. ‘नॅनो डिफेंडर’ हे जाहिरातरोधकाच्या जोडीला वापरले जाणारे एक्स्टेंशन 2020 मध्ये मूळ लेखकाने विकले. ऑक्टोबरात नवे अपडेट आले आणि काहींच्या इन्स्टाग्राम खात्यांवरून आपोआप लाइक पडू लागले. नव्या कोडमध्ये माहिती बाहेर पाठवण्याची सोय होती. शिवाय कोणी डेव्हलपर कन्सोल (आत काय चालले आहे ते दाखवणारी ब्राउझरची खिडकी) उघडून तपासतो आहे का, यावरही पहारा होता. वापरणाऱ्यांना काहीच विचारले गेले नाही, कारण अपडेट जादा परवानगी मागत असेल तरच क्रोम थांबून विचारते. इथे सगळ्या साइटची परवानगी आधीच दिलेली होती! न वापरलेले टॅब निजवून ठेवणाऱ्या ‘द ग्रेट सस्पेंडर’चेही तसेच झाले. 2020 मध्ये मालक बदलला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) ठरवून बंद केले. त्याचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहायला खुला होता, पण क्रोमच्या स्टोअरमधल्या आवृत्तीत गिटहबवर नसलेला कोड होता. त्यामुळे ‘ओपन सोर्स आहे, म्हणजे सुरक्षित’ एवढ्यावर भिस्त ठेवू नये.

मग घ्यावे कोणते? फायरफॉक्स वापरत असाल तर ‘यूब्लॉक ओरिजिन’ हा जाहिरातरोधक. नावातला ‘ओरिजिन’ पाहूनच घ्या. नुसते ‘यूब्लॉक’ हे वेगळ्यांचे, वेगळे एक्स्टेंशन आहे. ओरिजिनचा कर्ता रेमंड हिल देणग्याही घेत नाही. क्रोममध्ये मात्र मॅनिफेस्ट व्ही3 या एक्स्टेंशनसाठीच्या नव्या नियमांमुळे मूळ ओरिजिन बंद पडले. तिथे ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ मिळते. पान बाहेरून जे जे मागवते ती प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवण्याची मुभा त्याला नाही. नियमांची यादी ब्राउझरच्या हाती द्यायची आणि अडवण्याचे काम ब्राउझरने करायचे, अशी ती रचना आहे. याद्याही एक्स्टेंशनच्या अपडेटबरोबरच ताज्या होतात. तरी नसण्यापेक्षा कितीतरी बरे. ‘ॲडब्लॉक प्लस’ घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की ‘स्वीकारार्ह जाहिराती’ त्यात मुळातच चालू असतात. नको असतील तर सेटिंगमध्ये जाऊन बंद कराव्या लागतात.

दोन जाहिरातरोधक एकत्र ठेवू नयेत. एक जाहिरातीच्या स्क्रिप्टच्या (पानात चालणाऱ्या कोडच्या) जागी निरुपद्रवी नक्कल बसवतो, दुसरा तीच नक्कल अडवतो. पान अर्धवट उघडते आणि दोष कोणाचा ते कळत नाही. साइटशी जोडणी एचटीटीपीएस या सांकेतिक, सुरक्षित पद्धतीने व्हावी हे पाहणारे ‘एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर’ अजून असेल तर काढून टाका. ते काम आता ब्राउझरच करतात, फक्त सेटिंगमध्ये ‘केवळ एचटीटीपीएस’चा पर्याय चालू करायचा. फायरफॉक्सने 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकी (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) वेगळ्या बरणीत ठेवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे कुकी आवरणारी निम्मी एक्स्टेंशन तिथे बिनकामाची ठरतात. एक्स्टेंशनची गर्दी उलट अंगाशीही येते. काही एक्स्टेंशन पानात केलेल्या बदलांवरून ओळखू येतात आणि तुमचा ब्राउझर चारचौघांत उठून दिसतो, म्हणजे माग काढणे सोपे जाते.

पैसे भरताना पान अडकले तर रोधक उपटून टाकू नका. यूब्लॉकच्या चिन्हावर टिचकी मारून पॉवरचे मोठे बटण दाबा आणि पान पुन्हा लोड करा. रोधक तेवढ्या साइटपुरता बंद होतो. पेमेंट गेटवेचा (पैसे स्वीकारणाऱ्या पानाचा) पत्ता वेगळा असेल तर तिथेही तसेच करावे लागते. (वृत्तपत्रांची संकेतस्थळे जाहिरातींवर चालतात. ज्यांचे वाचतो त्यांना याच बटणाने सूट देता येते, हेही इथेच लिहिणे बरे.)

क्रोममध्ये आधीपासून असलेल्यांची झडती घ्यायची तर कोडेच्या तुकड्यासारख्या चिन्हातून एक्स्टेंशनच्या यादीत जा, प्रत्येकाचा तपशील उघडा आणि साइट ॲक्सेस ‘टिचकी मारल्यावरच’ असा करा. भाषांतर, कूपन, स्क्रीनशॉट यांना तेवढे पुरते. जाहिरातरोधकाला मात्र तो पूर्णच ठेवावा लागतो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये चालतात.

एखादे एक्स्टेंशन फितूर निघाले तर क्रम चुकवू नका. आधी ते काढा, मग पासवर्ड बदला. उलटे केले तर नवा पासवर्डही त्याच्या हाती जाईल. त्यानंतर खात्यातून ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ करा, कारण चोरलेली लॉगिनची कुकी असेल तर पासवर्डाशिवायही आत शिरता येते. क्रोमचे सिंक (एकाच खात्याच्या सगळ्या उपकरणांवर सेटिंग सारखे ठेवणे) चालू असेल तर तेच एक्स्टेंशन ऑफिसच्या संगणकावरही गेलेले असते. तिथेही पाहा.

– एक वाचक, डोंबिवली