नात गाडी शिकतेय, काळजी करू नका

मेलबर्न, 10 ऑगस्ट

ती. आई आणि ती. अप्पा यांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत. थंडी उतरणीला लागली आहे, माझा खोकलाही गेला. बाकीचं फोनवर कळतंच. हे पत्र मुद्दाम लिहितेय, कारण रविवारी आई म्हणाली, "एवढ्याशा पोरीच्या हातात गाडी देता, तुम्हाला काळजी कशी ती नाही?" ते मनाला लागलं. आई, काळजी आहे गं. किल्ली हातात देऊन आम्ही मोकळे झालेलो नाही.

इथे व्हिक्टोरिया राज्यात सोळाव्या वर्षी परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळतो. पण एकटीने गाडी चालवायला अठरा पूर्ण व्हावे लागतात. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये सतराव्या वर्षीच मिळतं, इथे नाही. तोवर पक्क्या परवान्याचं माणूस शेजारी हवंच. गाडीला पुढेमागे पिवळी पाटी, तिच्यावर काळा एल. चालवताना ब्लूटूथवरसुद्धा फोन घ्यायचा नाही. गाड्या आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, तीही भीती नको.

आता त्या वहीबद्दल. अप्पा, तुम्हाला ते काही केल्या पटेना. "तीस दिवसांनी आपला आरटीओ पक्क्या लायसनची टेस्ट घेतो, हे काय दोन वर्षं?" असं म्हणालात. तर ऐका. एकवीसच्या आतल्या मुलाने चाचणीआधी 120 तास गाडी चालवलीच पाहिजे, त्यातले 20 तास रात्रीचे. प्रत्येक फेरीची वहीत नोंद करायची: तारीख, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, मीटरचे आकडे, पाऊस होता का, रहदारी किती होती, उजेड होता की अंधार. खाली शेजारी बसलेल्याची सही. तुमच्या एसटीच्या लॉगशीटसारखंच, फक्त इथे ड्रायव्हर शाळकरी पोरगी आणि सही करणारी तिची आई. आता मोबाईलवरही नोंद करता येते, पण आम्ही कागदाची वही ठेवली आहे. खोटे तास लिहिणं गुन्हा आहे.

एवढे तास ड्रायव्हिंग स्कूलमध्ये भरायचे तर पैसा पुरणार नाही. म्हणून दूध आणायला, पोहायला, कोणाच्या वाढदिवसाला, जिथे जायचं तिथे पोरं गाडी चालवतात आणि आईबाप शेजारी बसतात. घरोघरी हेच. जूनमध्ये पाच वाजून गेले की अंधार पडतो, तेव्हा आम्ही रात्रीचे बरेच तास उरकले. पाऊस, हायवे, ट्रामचे चौक, संध्याकाळी रस्त्यावर येणारे कांगारू, हे सगळं मुलांनी मोठं माणूस शेजारी असतानाच पाहावं, म्हणून हा नियम. मला तो मनापासून पटतो. अठरानंतरही गाडीला एक वर्ष लाल पी, मग तीन वर्षं हिरवा पी, म्हणजे नवख्या ड्रायव्हरची पाटी. लाल पी असेपर्यंत तिच्या वयाची एकच मैत्रीण गाडीत घेता येते, चारपाच जणी कोंबून फिरणं नाही. म्हणजे बाविसाव्या वर्षापर्यंत सरकारचं लक्ष आहे, आणि माझं तर आहेच.

अप्पा, "ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा" हे तुमचं वाक्य तिला पाठ झालंय. उतार आला की आपणहून म्हणते. पसरणीचा घाट तिला पुन्हा बघायचा आहे, या वेळी तुमच्या शेजारी बसून. परवा विचारत होती, "आजोबांनी तुला असं शिकवलं होतं का?" मी सांगितलं, आजोबा मुक्कामी गाडीवर असायचे, घरी आले की झोपायचे. त्या झोपेची किंमत मला आता कळते.

आता राहिलेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे कालच पाठवले, त्यात चष्म्याचेही आहेत. दुसऱ्या डोळ्याचं पुढे ढकलू नका, खर्चाचा विचार तर मुळीच करू नका. आम्ही दुसरी गाडी घेतली ती जुनी आहे, तिच्यामुळे काही अडलेलं नाही. ऑपरेशनच्या वेळी मी तिथे असायला हवं होतं, हे रोज मनात येतं. दादाने सगळं निभावलं, त्याला मी वेगळं लिहीन.

विजूचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठरलं, फार आनंद झाला. पण इथली शाळा त्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सुटते, तेव्हा लग्नाला येणं जमत नाही. मामीला राग येणार, तू जरा समजाव. नवरीच्या शालूचे पैसे माझ्याकडून, मामा नको म्हणाला तरी ऐकू नका. नाताळात यायचं तिकीट बघतेय, पण दर उतरल्याशिवाय नक्की सांगत नाही. उगाच वाट बघायला लावायची नाही.

पैसे पोचले की दादाला मेसेज करायला सांगा. अप्पा, डोळ्यांत थेंब वेळेवर घाला, आणि बरं वाटलं म्हणून लगेच स्कूटर काढू नका.

तुमची,
ताई