ते विमान पस मॉथ होते

15 ऑक्टोबर जवळ आला की टाटांच्या पहिल्या टपाल उड्डाणाची आठवण छापून येते आणि शेजारी बहुधा भलत्याच विमानाचे छायाचित्र असते. कधी उघड्या बैठकीचे, दुहेरी पंखांचे जिप्सी मॉथ, तर कधी लेपर्ड मॉथ. 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते डी हॅविलंड कंपनीच्या पस मॉथमधून. लेपर्ड मॉथ उडालेच मुळी 1933 मध्ये. सुवर्णमहोत्सवाच्या 1982 च्या उड्डाणात जे. आर. डीं.नी ते चालवले, घोळ बहुधा तिथलाच.

पस आणि लेपर्ड, दोन्हींना वर एकच पंख आणि बंद केबिन. फरक चाकाच्या पायात पाहावा. पस मॉथचा रुंद, चपटा पाय केबिनला लागून थेट पंखाच्या मुळाकडे चढतो. लेपर्डचा पुढे, इंजिनामागच्या पडद्याकडे जातो. लेपर्डचे पंख टोकाकडे निमुळते, सांगाडा प्लायवूडचा. पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर कापड. त्याला सरसकट ‘लाकडी विमान’ म्हणणे चूक, लाकूड पंखांत होते.

तो चपटा पाय नुसता दिखाऊ नव्हता. त्याचे आवरण 90 अंशांत फिरवले की वाऱ्याला आडवे येऊन ब्रेकचे काम करी. हवेला इतका कमी अडथळा करणारे विमान उतरताना तरंगत राहते, आखूड मैदान संपून जाते. त्यावरचा हा उपाय.

इंजिन जिप्सी थ्री, 120 अश्वशक्तीचे, चारही सिलिंडर उलटे टांगलेले. त्यामुळे नाक खाली राहते, वैमानिकाला समोरचे दिसते. पण उभ्या विमानात तेल झिरपून सिलिंडरच्या डोक्याशी साचते. म्हणून आधी स्विच बंद असल्याची खात्री करून प्रॉपेलर हाताने फिरवायचा. अडला तर जोर करायचा नाही, खालचे स्पार्क प्लग काढून तेल निथळू द्यायचे. तेल दाबले जात नाही. जोर केला तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो.

सुरुवातीच्या काही पस मॉथचे पंख हवेतच तुटले, माणसे गेली. पुढे पंखाच्या टेकूंना जादा आखूड आधार देण्यात आला. हेही लिहिले जावे. नुसत्या विक्रमांच्या याद्या अपुऱ्या आहेत.

विक्रमांत खरा हिशेब वजनाचा. पस मॉथमध्ये प्रवाशांच्या जागी पेट्रोलची टाकी बसवून ब्रिटिश वैमानिक जिम मॉलिसन ऑगस्ट 1932 मध्ये आयर्लंडहून कॅनडाला एकटा पोचला, सुमारे 31 तासांत. भरलेल्या विमानाला धाव लांब लागते, म्हणून तो धावपट्टीऐवजी पोर्टमार्नॉकच्या चौपाटीवरून उडाला.

1982 चे छायाचित्र जरूर छापावे, त्याखाली ‘लेपर्ड मॉथ’ एवढे लिहावे.

– जुन्या विमानांचे काही अभ्यासक, विलेपार्ले, मुंबई