गडचिरोलीपुढचे उद्गारचिन्ह

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षांत सी भाषेतील प्रोग्रॅमला गुण देताना बहुतेक ठिकाणी पडद्यावर अपेक्षित आउटपुट आले की नाही एवढेच पाहिले जाते. मेमरी मागून घेणे आणि काम झाल्यावर ती परत करणे या दोन्ही गोष्टी प्रोग्रॅमरवरच सोडणाऱ्या या भाषेत ही कसोटी किती फसवी ठरू शकते, याचा एक नमुना नुकताच माझ्या पाहण्यात आला. तो प्राध्यापकांच्या आणि अभ्यास मंडळांच्या नजरेस यावा म्हणून हे पत्र. नोकरीतील बहुतेक काळ मी सी भाषेतच काम केले असल्यामुळे शेजारची एक विद्यार्थिनी अडली की माझ्याकडे येते, तशी ती आली होती.

तिचा प्रोग्रॅम साधा होता. महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांची नावे अकारविल्हे असलेल्या फाइलीतून एकेक ओळ वाचायची, शेवटचे नव्या ओळीचे चिन्ह काढून टाकायचे, मॅलॉककडे जागा मागून तीत नाव उतरवायचे, सगळी नावे छापायची आणि अखेरीस फ्री वापरून सगळी जागा परत करायची. ३३ नावे बिनचूक छापली जात होती. गडचिरोली आणि नंदुरबार यांच्यापुढे मात्र उद्गारचिन्ह उमटत होते आणि चंद्रपूरला रोमन लिपीतील मोठा ‘ए’ चिकटत होता. फाइलीत यांतले काहीही नव्हते, ती तिने दहादा तपासली होती.

आउटपुट सुधारण्याचा सोपा मार्ग तिने शोधला. छापण्यापूर्वी नावाच्या शेवटी असे आगंतुक चिन्ह आढळल्यास त्यावर शून्य लिहिणाऱ्या दोन ओळी तिने घातल्या. नावे स्वच्छ छापली गेली, पण प्रोग्रॅम आता फ्रीच्या ओळीवर कोलमडू लागला, आणि तोही गडचिरोलीची नव्हे तर पुढच्या गोंदियाची जागा परत करताना. त्यावर वर्गातील एका हुशार मित्राने सल्ला दिला की फ्रीची ओळच काढून टाक, तिला गुण नसतात. ओळ काढली, प्रोग्रॅम चालला, जर्नलवर सहीदेखील झाली. उद्गारचिन्ह कुठून आले हे कळत नाही म्हणून ती अस्वस्थ राहिली आणि माझ्याकडे आली, याचे श्रेय सर्वस्वी तिचे आहे.

चूक एका बाइटची होती. सी भाषेत साठवलेल्या प्रत्येक मजकुराच्या (स्ट्रिंगच्या) अखेरीस शून्य किमतीचा एक बाइट लागतो. लांबी सांगणारे स्ट्रलेन हे फंक्शन तो मोजत नाही, मजकूर उतरवणारे स्ट्रकॉपी मात्र तो लिहिते. म्हणून मॅलॉककडे स्ट्रलेनच्या उत्तरापेक्षा एक बाइट जास्त मागावा लागतो आणि तोच ‘अधिक एक’ तिच्याकडून राहून गेला होता. याचा अर्थ चूक ३६ नावांपैकी प्रत्येक नावात झाली होती. मग बोभाटा तिघांचाच का व्हावा?

अक्षरे बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ३ बाइट घेते. ‘चंद्रपूर’ लिहिताना च, अनुस्वार, द, हलन्त, र, प, दीर्घ ऊकार आणि र अशी ८ चिन्हे लागतात, म्हणजे २४ बाइट झाले. गडचिरोली आणि नंदुरबार यांचीही चिन्हे आठच भरतात, आणि असे जिल्हे तिच्या यादीत तेवढे तीनच आहेत. ६४ बिटांच्या लिनक्सवर नेहमी असणारी ग्लिबसी ही तयार फंक्शनांची लायब्ररी (मॅलॉक आणि फ्री तिच्यातलेच) मेमरीचे तुकडे १६ बाइटांच्या पटीत पाडते. सर्वांत लहान तुकडा ३२ बाइटांचा असतो आणि त्यातले २४ बाइट आपल्याला वापरता येतात. ‘पुणे’ या नावाचे १२ बाइट झाले. तेरावा बाइट आपल्या मालकीचा नसला तरी तिथे पडीक जागा असते, त्यामुळे अतिक्रमण कोणाच्या लक्षात येत नाही. ‘कोल्हापूर’ २७ बाइटांचे असल्यामुळे त्याला थेट ४८ बाइटांचा तुकडा मिळतो, तिथेही ऐसपैस जागा उरते. बरोबर २४ बाइटांच्या नावाचा पंचविसावा बाइट मात्र शेजारच्या तुकड्याच्या बांधावर पडतो. त्या जागी लायब्ररी पुढच्या तुकड्याचा आकार नोंदवून ठेवते.

गडचिरोलीचे शून्य त्या बांधावर लिहिले गेले. लगेच गोंदियासाठी मागणी आली तेव्हा लायब्ररीने तिथे आपली नोंद केली, ती ३२ अधिक ‘मागचा तुकडा वापरात आहे’ ही १ ची खूण, म्हणजे ३३. गडचिरोलीचे शून्य पुसले गेल्यामुळे नाव छापताना प्रिंटएफ पुढेही वाचत गेले, आणि अक्षरांना क्रमांक देणाऱ्या ॲस्की कोष्टकात ३३ म्हणजे उद्गारचिन्ह. चंद्रपूरनंतर छत्रपती संभाजीनगर येते. त्या नावाचे मधल्या मोकळ्या जागेसह ४९ बाइट होतात, त्याला ६४ बाइटांचा तुकडा मिळतो, नोंद ६५ ची होते आणि ६५ म्हणजे मोठा ‘ए’. विद्यार्थिनीने उद्गारचिन्ह पुसले तेव्हा वास्तविक तिने गोंदियाच्या तुकड्याची नोंद पुसली, म्हणून त्याची परतफेड करताना लायब्ररीने प्रोग्रॅम तिथेच थांबवला. इतकी वर्षे हे काम करूनही असे उद्गारचिन्ह पाहण्याचा योग मला प्रथमच आला, हे कबूल करतो.

मला हे उलगडायला एक दुपार लागली, पण चूक सापडायला एक मिनिटही लागले नाही, आणि पत्राचा खरा मुद्दा तोच आहे. तोच प्रोग्रॅम जीसीसी या कंपायलरला ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरी तपासणाऱ्या साधनाचा पर्याय देऊन कंपाइल केला, तेव्हा तो गडचिरोलीपर्यंत पोचलाच नाही. पहिल्याच नावावर, अकोल्यावर, तो थांबला आणि १५ बाइटांच्या जागेच्या शेवटाला लागून एक बाइट लिहिला गेल्याचे त्याने ओळीच्या क्रमांकासह सांगितले. ज्या अकोल्याने आउटपुटमध्ये एकदाही तक्रार केली नव्हती, तिथेच चूक पकडली गेली. व्हॅलग्राइंड हे दुसरे साधन कंपाइल झालेला प्रोग्रॅम तसाच घेऊन चालवते आणि परत न केलेल्या जागेचा हिशेबही मांडते, त्यामुळे मित्राने दिलेला ‘फ्री काढून टाक’ हा सल्लाही त्यात उघडा पडतो. व्हॅलग्राइंडखाली प्रोग्रॅम कित्येक पट मंदावतो हे खरे, परंतु ३६ नावांच्या यादीला त्याने काय फरक पडणार? दोन्ही साधने विनामूल्य आहेत. परत केलेली जागा पुन्हा वापरणे, एकच जागा दोनदा परत करणे, या चुकाही ती अशाच दाखवतात.

काही प्रयोगशाळांत आजही १९८७ साली आलेला टर्बो सी हा कंपायलर डॉस या जुन्या प्रणालीचे सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅमच्या आधाराने चालवला जातो. तिथे यांतले काहीही शक्य नाही. सी जुनी झाली, आता हे कशाला, असेही कोणी म्हणेल. पण लिनक्सचा गाभा बहुतांशी सीमध्येच आहे आणि पुण्यातील वाहन-इलेक्ट्रॉनिक्सच्या नोकऱ्यांत तीच लागते. इंटरनेटवरील संवाद सुरक्षित करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतील २०१४ साली उघडकीस आलेल्या हार्टब्लीड दोषात समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता मेमरी वाचली जात होती आणि एका विनंतीमागे ६४ किलोबाइटपर्यंत परकी माहिती बाहेर जात होती. दोष वाचण्यातला होता, लिहिण्यातला नव्हे, पण जागेची हद्द न पाळण्याची सवय तीच.

विद्यार्थिनीने ‘अधिक एक’ लिहिले, पुसापुशीच्या ओळी काढल्या, फ्री परत आणले आणि व्हॅलग्राइंडने एकही चूक नसल्याचा अहवाल दिला. तो जर्नलला जोडावा असे मी सुचवले. छापील पानावर उद्दिष्ट, अल्गोरिदम, प्रोग्रॅम आणि आउटपुट एवढेच चौकोन होते, म्हणून तिने तो मागच्या कोऱ्या पानावर डकवला. अभ्यास मंडळांनी पुढील वर्षीच्या जर्नलमध्ये मेमरी तपासणीच्या अहवालासाठी पाचवा चौकोन छापावा आणि आउटपुटच्या गुणांतील काही गुण त्याकडे वळवावेत, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त सॉफ्टवेअर अभियंता, सातारा